भारतातील सामुदायिक नभोवाणी आणि लोकगीतांचे प्रसारण : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

भारतीय नभोवाणीचा इतिहास सामान्यतः १९२७ मधील इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीपासून किंवा १९३६ मधील ‘ऑल इंडिया रेडिओ’ या नामकरणापासून सांगितला जातो. वस्तुतः या देशात प्रसारणाचा आरंभ हौशी मंडळींनी केला. १९२३ मध्ये मुंबई व कलकत्ता येथील रेडिओ क्लबांनी आणि १९२४ मध्ये मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लबने कार्यक्रम प्रसारित करण्यास सुरुवात केली. पैशाअभावी मद्रासच्या क्लबचे प्रसारण १९२७ मध्ये थांबले. त्याचा प्रक्षेपक मद्रास महापालिकेकडे गेला आणि १९३० पासून महापालिकेने स्वतःची सेवा सुरू केली. ‘आकाशवाणी’ हे नाव देखील मूळचे सरकारी नाही. मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये म्हैसूर येथे आपल्या राहत्या घरी सुरू केलेल्या केंद्राचे ते नाव होय.

म्हणजेच २००६ नंतर भारतात उदयास आलेली सामुदायिक नभोवाणी ही सर्वस्वी नवी घटना नसून हौसेने व स्वयंसेवेने सुरू झालेल्या, परंतु मध्यंतरी खंडित झालेल्या परंपरेचे ते वेगळ्या समाजघटकांनी केलेले पुनरुज्जीवन आहे. या नभोवाणीचे महत्त्व ‘लोकसंगीताचे जतन’ या शब्दांत मांडण्याची प्रथा आहे. प्रस्तुत लेखात मात्र असे प्रतिपादन केले आहे की, तिचे खरे ऐतिहासिक कार्य जतनाचे नसून निवडीचे आहे. कोणते गाणे ऐकण्याजोगे आहे हे ठरविण्याचा अधिकार तिने ऐकणाऱ्यांकडे व गाणाऱ्यांकडे आणला.

गाण्याची निवड : शासन आणि बाजारपेठ

शासकीय नभोवाणीत संगीताची निवड हा प्रारंभापासून धोरणाचा विषय होता. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियमला बंदी घालण्यात आली. गावोगावच्या भजनात, कीर्तनात आणि तमाशात रुळलेले हे वाद्य नभोवाणीवरून तीन दशके हद्दपार राहिले. १९७१ मध्ये ही बंदी अंशतः शिथिल झाली. १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी मंत्री असलेले डॉ. बा. वि. केसकर यांनी शास्त्रीय संगीताला अग्रक्रम दिला, तर चित्रपटगीतांवर निर्बंध आणले. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि अखेर १९५७ मध्ये ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. याच पर्वात कलावंतांची चाचणी घेऊन त्यांना श्रेणी देण्याची पद्धत रूढ झाली. या पद्धतीमुळे अनेक गुणी कलावंत देशासमोर आले व लोकसंगीताचे मोलाचे ध्वनिमुद्रणही झाले, हे मान्य केले पाहिजे. तथापि दळताना, लावणी करताना किंवा पाळणा हलविताना गाणारी स्त्री या व्यवस्थेत ‘कलावंत’ म्हणून प्रवेश करू शकत नव्हती. तिचे गाणे चाचणीसाठी रचलेले नव्हते.

१९९९ नंतर खासगी एफ.एम. केंद्रांना परवाने मिळू लागले. त्यामुळे वाहिन्यांची संख्या वाढली, परंतु संगीताचे वैविध्य त्या प्रमाणात वाढले नाही. लिलावात मोजलेली रक्कम जाहिरातींतून वसूल करावयाची असल्याने बहुतेक केंद्रांचा भर लोकप्रिय चित्रपटगीतांवरच राहिला. पूर्वी शासनाच्या अभिरुचीने केलेली गाळणी आता बाजारपेठ करू लागली.

न्यायनिर्णयापासून परवान्यापर्यंत

या परिस्थितीत बदल घडविणारा निर्णय एका क्रिकेट स्पर्धेच्या वादातून आला. १९९३ च्या हिरो चषक स्पर्धेच्या दूरदर्शन प्रक्षेपणाच्या हक्कांवरून बंगाल क्रिकेट संघटना आणि केंद्र शासन यांच्यात वाद झाला. त्यावर ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल देताना प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे तत्त्व प्रस्थापित केले. खंडपीठात न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांचा समावेश होता.

तत्त्व प्रस्थापित झाले तरी परवाना लगेच मिळाला नाही. १९९६ चा बंगळूर जाहीरनामा आणि २००० मधील पस्तापूर येथील विचारविनिमय यांतून सामुदायिक नभोवाणीची मागणी स्पष्ट झाली. शासनाने डिसेंबर २००२ मध्ये प्रथम केवळ शिक्षणसंस्थांना अनुमती दिली. त्यानुसार चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र १ फेब्रुवारी २००४ रोजी सुरू झाले. नोव्हेंबर २००६ मधील धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही परवान्यास पात्र ठरविले. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक पातळीवर, लोकांच्या सहभागातून तयार व्हावेत, अशी अट त्यात होती. चित्रपटगीतांची अखंड तबकडी लावून ही अट पूर्ण होणे शक्य नव्हते. त्यामुळे गावातील गाण्याकडे वळणे ही केवळ आवड राहिली नाही. ती केंद्राची गरज बनली.

माचनूरचे संगम रेडिओ

या इतिहासातील सर्वांत बोलके उदाहरण तेलंगणातील झहीराबाद परिसरातील माचनूर गावाचे आहे. हा भाग तेव्हा आंध्र प्रदेशच्या मेदक जिल्ह्यात होता. आज तो संगारेड्डी जिल्ह्यात आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या माध्यमातून येथील दलित, अल्पभूधारक स्त्रिया ‘संगम’ नावाच्या गटांत संघटित झाल्या होत्या. भरडधान्याची शेती आणि देशी बियाणांची राखण हे त्यांचे मुख्य कार्य. युनेस्कोच्या साहाय्याने १९९८ मध्ये येथे ध्वनिमुद्रणाची सोय झाली. परंतु प्रसारणाचा परवाना मिळण्यास आणखी दहा वर्षे लागली.

ही दहा वर्षे अभ्यासकांनी विशेष लक्षात घेण्याजोगी आहेत. या स्त्रियांनी लहरींची वाट पाहत काम थांबविले नाही. गाणी, अनुभव आणि संवाद ध्वनिफितींवर मुद्रित करून त्या गावोगावच्या संगमांच्या बैठकांत ऐकविण्यात येत. एका गावातील पेरणीचे गाणे दुसऱ्या गावी पोहोचे. प्रक्षेपक नसतानाही नभोवाणी अस्तित्वात होती, कारण गाणारी, ऐकणारी आणि पुढे पोहोचविणारी माणसे तेथे होती.

१५ ऑक्टोबर २००८ रोजी संगम रेडिओचे उद्घाटन झाले. ते १९९५ च्या निकालाचे एक शिल्पकार न्या. पी. बी. सावंत यांच्या हस्ते व्हावे, यात मोठे औचित्य होते. मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या या मराठी न्यायाधीशाने ज्या लहरी जनतेच्या म्हणून घोषित केल्या, त्या तेरा वर्षांनी शेतमजुरी करणाऱ्या स्त्रियांच्या हाती प्रत्यक्ष आल्या. केंद्राच्या सूत्रधारही ‘जनरल’ नरसम्मा आणि अल्गोल नरसम्मा या दलित तरुणीच होत्या. प्रसारणाची वेळ सायंकाळी सात ते नऊ अशी ठेवण्यात आली. शेतावरून परतलेल्या स्त्रीला रेडिओजवळ बसता येण्याची हीच वेळ. केंद्राचा पल्ला सुमारे २५ किलोमीटरचा. त्यामुळे गाणारी व्यक्ती बहुधा ऐकणाऱ्याच्या ओळखीची, नात्यातील किंवा बाजारात भेटणारी असे. ‘नवे गाणे सापडणे’ या क्रियेचा अर्थच येथे बदलला. दूरच्या कलावंताचा शोध लागण्याऐवजी शेजारणीला गाणे येते, याचा शोध लागू लागला.

अन्य केंद्रांचे अनुभव

२००८ मध्येच मध्य प्रदेशातील ओरछा येथे सुरू झालेल्या रेडिओ बुंदेलखंडने ‘बुंदेली आयडॉल’ या लोकगीत स्पर्धेद्वारे दूरचित्रवाणीवरील लोकप्रिय स्वरूपाचाच उपयोग बोलीतील गाण्यांसाठी करून घेतला. २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘गुडगाव की आवाज’ या केंद्राने चित्रपटगीते वगळून हरियाणवी रागिणीबरोबरच स्थलांतरित कामगारांच्या मुलखातील लोकगीतांना स्थान दिले. यावरून ‘समुदाय’ म्हणजे केवळ एका गावचे मूळ रहिवासी नव्हेत, हे स्पष्ट होते. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘माणदेशी तरंग वाहिनी’ने दुष्काळी माण तालुक्यातील स्त्रियांचे प्रश्न आणि स्थानिक गायक-गायिकांचे आवाज एकाच माध्यमात आणले.

जतन आणि प्रसारण : एक तुलना

महाराष्ट्राला लोकगीत-संकलनाची समृद्ध परंपरा आहे. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. ओवी, गायिका व गाव यांची नोंद ठेवणारा हा उपक्रम जतनाचा आदर्श होय. सामुदायिक नभोवाणीचे बळ वेगळे आहे. तेथे गाणे पुन्हा वापरात येते, त्यात नवे कडवे जोडले जाते, त्यावर शेजारचे गाव उत्तर देते. मात्र नोंद, सूची आणि दीर्घकालीन साठवण या बाबतीत अनेक केंद्रे दुर्बळ आहेत. ध्वनिफीत आर्द्रतेने खराब होते, संगणक बिघडतो, जुना कार्यकर्ता नोकरीसाठी गाव सोडतो आणि त्याच्याबरोबर कोणत्या फितीवर कोणाचे गाणे आहे ही माहितीही जाते. गायिकेचे नाव नोंदले गेले नाही तर तिचे गाणे पुढे ‘पारंपरिक’ या बिरुदाखाली कोणीही वापरू शकतो. ज्या माध्यमाने तिला आवाज दिला, त्याच्याच अनास्थेमुळे ती पुन्हा अनामिक होण्याचा धोका आहे.

आर्थिक प्रश्नही तितकाच मूलभूत आहे. २००६ च्या धोरणाने जाहिरातींना तासाला केवळ पाच मिनिटांची मर्यादा घातली होती. पुढे ती वाढविण्यात आली. तरीही अल्प पल्ल्याच्या ग्रामीण केंद्राला जाहिरातदार मिळणे कठीण असते. परिणामी केंद्राचा भार अल्प मानधनावरील किंवा विनावेतन श्रमावर पडतो. हा श्रम बहुतांशी अशा लोकांचा असतो, ज्यांचा एका दिवसाचा रोजही बुडणे परवडत नाही. मद्रासचा क्लब सुस्थितीतील सभासद असूनही तीन वर्षांत थांबला, हा इतिहास येथे विसरता येत नाही.

निष्कर्ष :

भारतीय नभोवाणीवर कोणते गाणे वाजावे याचा निर्णय आधी शासनाने व नंतर बाजारपेठेने घेतला. १९९५ च्या न्यायनिर्णयाने आणि २००६ च्या धोरणाने हा निर्णय मर्यादित भूप्रदेशात का होईना, सामान्य माणसाच्या हाती दिला. माचनूरच्या उदाहरणावरून दिसते की, कायदा येण्यापूर्वीच तेथील स्त्रियांनी हा अधिकार व्यवहारात आणला होता. कायद्याने त्यांना केवळ प्रक्षेपक दिला. या अधिकाराला स्थैर्य द्यावयाचे असेल तर गायक-गायिकांच्या नावांसह सूचीबद्ध ध्वनिसंग्रह निर्माण होणे आवश्यक आहे. या कामी परिसरातील महाविद्यालयांचे इतिहास, भाषा व संगीत विभाग मोठे साहाय्य करू शकतात. साध्या नोंदवहीत गाणे, गाणारी, गाव आणि तारीख एवढे चार रकाने नियमित भरले गेले, तरी उद्याच्या इतिहासकाराला आजच्या अनेक गायिका नावानिशी भेटतील.