त्रयस्थ सॉफ्टवेअरद्वारे संगीतवादकातील गाणी उतरवण्यातील धोके

आयपॉड, एमपी३ प्लेअर, मोबाइल फोन यांसारख्या सुवाह्य संगीतवादकांतील गाणी उत्पादक कंपनीव्यतिरिक्त अन्य कोणी तयार केलेल्या, म्हणजेच त्रयस्थ सॉफ्टवेअरने संगणकावर उतरवताना माहिती नष्ट होणे, संगणकात मालवेअर शिरणे, ध्वनीचा दर्जा घटणे आणि प्रताधिकाराचा भंग होणे हे प्रमुख धोके संभवतात.

पार्श्वभूमी
ॲपल कंपनीने पहिला आयपॉड २३ ऑक्टोबर २००१ रोजी सादर केला. आयट्यून्समधून आयपॉडमध्ये गाणी भरणे सोपे होते. उलट दिशेने मात्र ती सहजासहजी नेता येत नसत. गाण्यांच्या फाइली लपवलेल्या फोल्डरमध्ये चार अक्षरी सांकेतिक नावांनी साठवल्या जात आणि गाण्यांच्या याद्या वेगळ्या डेटाबेसमध्ये असत. संगणक बिघडल्यास संग्रह परत मिळवण्यासाठी त्रयस्थ सॉफ्टवेअर वापरले जाऊ लागले. साधे एमपी३ प्लेअर व मेमरी कार्ड मात्र पेन ड्राइव्हप्रमाणे उघडतात; त्यांना अशा सॉफ्टवेअरची गरज नसते.

लातूर जिल्ह्यातील देवणीसारख्या तालुक्याच्या गावांत मोबाइलच्या दुकानातून मेमरी कार्डवर गाणी भरून घेण्याचा प्रघात होता. एकाच संगणकाला अनेकांची कार्डे जोडली गेल्यास एका कार्डातील विषाणू इतरांत पसरू शकतो.

धोके
* माहितीचा नाश: नव्या संगणकाशी मेळ घालताना आयपॉडमधील जुना संग्रह पुसला जाऊ शकतो. डेटाबेस बिघडल्यास फाइली शाबूत असूनही गाणी दिसत नाहीत. बाजारातील गाणी पुन्हा मिळतात. परंतु घरी ध्वनिमुद्रित केलेली भजने, जात्यावरच्या ओव्या किंवा दिवंगत आप्तांचा आवाज यांची एकच प्रत असेल, तर ती कायमची जाते.
* मालवेअर: ‘मोफत’ किंवा कुलूप तोडलेल्या आवृत्त्यांसोबत घातक प्रोग्रॅम येऊ शकतात. उपकरणही दूषित असू शकते. २००६ साली विकल्या गेलेल्या काही आयपॉडमध्ये विंडोजला बाधक विषाणू असल्याचे ॲपलनेच जाहीर केले होते.
* दर्जा घटणे: एमपी३ किंवा एएसी फाइल दुसऱ्या संक्षेपित स्वरूपात बदलल्यास ध्वनीतील बारकावे पुन्हा गळतात.
* खासगीपणा: फोनमधील छायाचित्रे व संपर्क क्रमांकही सॉफ्टवेअरच्या हाती लागू शकतात.

कायदेशीर बाजू
भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ नुसार खासगी वा वैयक्तिक उपयोगासाठी केलेला उचित वापर प्रताधिकारभंग ठरत नाही. प्रती विकणे अथवा वाटणे यास ही सवलत लागू होत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५अ नुसार प्रताधिकारभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो.

दक्षता
प्रथम स्वयंचलित मेळ बंद करून उपकरणातील संपूर्ण फोल्डरची जशीच्या तशी प्रत घ्यावी आणि पुढील काम त्या प्रतीवरच करावे. सॉफ्टवेअर निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे. प्रत वाजवून पाहिल्याशिवाय मूळ फाइली पुसू नयेत. चुकून पुसल्या गेल्यास त्या उपकरणावर नवे काहीही साठवू नये. जुन्या फाइलींची जागा नव्या माहितीने व्यापल्यास त्या परत मिळवता येत नाहीत.

हेही पहा
* प्रताधिकार
* मालवेअर
* एमपी३