झिरणी

१२. झिरणी : वाटसरूंना गळा आवळून मारणाऱ्या ठगांच्या 'रामासी' या सांकेतिक बोलीत गळा आवळण्याची इशारत. जबलपूरला ठगांच्या बंदोबस्ताचे काम पाहणाऱ्या विल्यम स्लीमनने (१७८८–१८५६) माफीच्या साक्षीदारांकडून ही बोली टिपून घेतली आणि १८३६ मध्ये कलकत्त्यास 'रामासीआना' हा शब्दसंग्रह छापला. ही इशारत बहुधा तंबाखूविषयीचे एखादे साधे वाक्य असे. सोबतच्या वाटसरूला त्यात तंबाखूच ऐकू येई, ठगाला हुकूम. खूण आणि अर्थ यांचे नाते निसर्गदत्त नसते, समूहाने मानलेल्या संकेतावर ते उभे असते, हे भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरच्या (१८५७–१९१३) चिन्हमीमांसेचे मूलतत्त्व इथे भयंकर स्पष्टपणे दिसते. ही सारी माहिती कैद्यांच्या जबान्यांतून, इंग्रज अधिकाऱ्याच्या लेखणीतून आलेली आहे, हेही वाचकांनी ध्यानात घ्यावे. — संपा.