नवी सायकल का वाजते?

मंडळी, यंदा नातीला शाळेसाठी सायकल घेतली. काळी, साधी, आमच्या काळातल्यासारखीच. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "आबा, पायडलजवळ कटकट वाजते." मी म्हटलं, "नवी सायकल वाजेल कशी? चेनला तेल घाल."

तेल घातलं. आवाज तसाच.

मग मी तिला अंगणात सायकल चालवायला लावून कान दिला. पायडलच्या दर फेऱ्याला एकदाच 'कट्ट'. चेनची एक फेरी पूर्ण व्हायला पायडलचे दोनाहून जास्त फेरे लागतात आणि पायडलच्या एका फेऱ्यात चाक दोनाहून जास्त वेळा फिरतं. म्हणजे दोष चेनचा नाही, चाकाचाही नाही. मागचं चाक धरून डावं पायडल दाबलं. दांडा जरासा हलला. कॉटर पिन ढिली!

मिस्त्री हसला. "गुरुजी, नवी हाय म्हनूनच वाजून राह्यली. आठ दिस चालवा, मंग परत कसून घ्या." पिनेचा उतरता सपाट भाग एक्सलच्या खाचेत नीट बसायला थोडे दिवस लागतात. नुसता नट आवळून भागत नाही. आधी हातोडीने पिन ठोकायची, मग नट. तसंच चालवत राहिलं तर दांड्याचं भोकच खराब होतं.

या पिनेला मोठा इतिहास आहे. १८८५ साली इंग्लंडमध्ये स्टार्लीची 'रोव्हर' आली आणि आजच्या सायकलीचा घाट ठरला. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. पुढे किर्लोस्करवाडी उभारणारा हा माणूस मुंबईत शिक्षकही होता, याचा मला उगीच अभिमान वाटतो! १९३३ साली फ्रान्सच्या 'स्ट्राँगलाइट'ने बिनपिनेचा क्रँक आणला. पण सोनीपतची 'अ‍ॅटलास' (१९५१) आणि लुधियानाची 'हिरो' (१९५६) यांच्या काळ्या सायकली पिनेवरच चालल्या. कारण सरळ आहे. हातोडी आणि पान्हा एवढ्यावर ती कोणत्याही खेड्यात बदलता येते.

आता मूळ गोष्ट सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी शेजारच्या खेड्यातून माझ्या वर्गात एक मुलगा सायकलने यायचा. एकदा तास अर्धा झाल्यावर आला. "सर, पिन पडली, पायी आलो," म्हणाला. मला ती थाप वाटली. तासभर उभं ठेवलं. हात ग्रीसने काळे होते, ते मी पाहिले, पण त्यांचा अर्थ लावला नाही.

परवा नातीलाही मी तेच केलं. आधी 'असं होणारच नाही' म्हटलं, ऐकलं नंतर. नांदगाव पेठेचा हायवे ओलांडताना ट्रकपुढे तो दांडा सटकला असता तर?

असो. परत कसायची तारीख कॅलेंडरवर लिहिली आहे. तो मुलगा आता पन्नाशीचा असेल. भेटला तर एवढंच म्हणेन, "बाबू, तुझी पिन खरंच पडली होती."