पाचशे कारकून आणि पाच कारकून

मागच्या व्याख्यानात आपण टेलरच्या स्टॉपवॉचपर्यंत आलो होतो. कामाचे बारीक तुकडे करायचे, एकेक तुकडा एकेकाच्या हाती द्यायचा आणि तो किती वेळात होतो ते मोजायचं. आजची गोष्ट उलट्या दिशेची आहे. तेच तुकडे पुन्हा जोडायला निघालेल्या लोकांची. ह्याला 'बिझनेस प्रोसेस रीइंजिनिअरिंग' म्हणतात. मराठीत 'प्रक्रियांची पुनर्रचना' असा शब्द वापरतात, पण पुनर्रचना म्हटलं की ऑफिसातल्या खुर्च्या हलवल्यासारखं वाटतं. तेव्हा आपण सरळ बीपीआर म्हणू.

गोष्ट सुरू होते ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेत, फोर्ड कंपनीत. जपानी गाड्यांनी बाजार खाल्लेला. १९८० ते १९८२ ह्या तीन वर्षांत फोर्डला तीन अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला. अशा वेळी कंपनी काय करते? जिथे खर्च दिसेल तिथे कात्री लावते. पुरवठादारांची बिलं भागवणारा जो विभाग होता, त्यात एकट्या उत्तर अमेरिकेत पाचशेहून जास्त माणसं होती. साहेबांनी ठरवलं, नवी कॉम्प्युटर सिस्टिम आणू आणि वीस टक्के माणसं कमी करू. म्हणजे पाचशेची चारशे. सगळे खूश.

मग कुणीतरी माझदाकडे पाहिलं. जपानच्या ह्या कंपनीत फोर्डने १९७९ मध्ये सुमारे पाव हिस्सा घेतला होता, त्यामुळे आत डोकावता येत होतं. तिथे हेच काम किती माणसं करत होती? पाच. आता माझदा फोर्डपेक्षा खूप लहान होती, हे कबूल. पण तो फरक धरूनसुद्धा हिशेब केला, तरी फोर्डचा विभाग असायला हवा त्याच्या पाचपट निघाला. चारशेचा आनंद तिथेच संपला.

का, ते बघू. आपल्याकडे कारखान्यात स्टोअरला किंवा अकाउंट्सला ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना हे तोंडपाठ असेल. खरेदी विभाग पुरवठादाराला ऑर्डर पाठवतो, तिची एक प्रत अकाउंट्सला. माल गेटवर येतो, स्टोअरचा माणूस आवक पावती करतो, तिची प्रत अकाउंट्सला. पुरवठादार बिल पाठवतो, तेही अकाउंट्सला. तिन्ही कागद जुळले की बिल पास. फोर्डमध्ये ह्या कागदांवरच्या चौदा गोष्टी ताडून बघायच्या होत्या. जुळले तर प्रश्नच नव्हता. पण ऑर्डर शंभर नगांची, आले पंच्याण्णव, बिल शंभरचं, असं झालं की कारकून फोन करत बसायचा. विभागाचा बहुतेक वेळ न जुळणाऱ्या कागदांत जायचा. आणि सगळं इमानदारीत चाललेलं, बरं का! कामचुकारपणा कुणाचाच नव्हता.

फोर्डने शेवटी केलं काय? बिलच काढून टाकलं. खरेदी विभागाने ऑर्डर दिली की ती एका सामायिक डेटाबेसमध्ये नोंदवायची. माल आला की धक्क्यावरच्या माणसाने स्क्रीनवर बघायचं: अशी ऑर्डर आहे का? असेल तर माल घ्यायचा, एक कळ दाबायची आणि चेक आपोआप तयार होणार. ऑर्डरशी जुळत नसेल तर माल परत. चौदाच्या जागी तीनच गोष्टी जुळवायच्या: सुट्या भागाचा क्रमांक, मोजमापाचं एकक आणि पुरवठादाराचा कोड. 'बिल आलं की पैसे' हा नियम गेला, 'माल आला की पैसे' हा नियम आला. माणसं किती कमी झाली? वीस टक्के नाही, पंच्याहत्तर टक्के.

इथे जरा थांबतो, कारण ह्या गोष्टीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग कॉम्प्युटर नाही. तीन कागदांची ती पद्धत अविश्वासावर उभी होती. खरेदीवाल्याने पुरवठादाराशी संगनमत केलं तर? स्टोअरवाल्याने खोटी पावती केली तर? म्हणून तिघांनी एकमेकांवर नजर ठेवायची आणि चौथ्याने तिघांवर. नव्या पद्धतीत माल घ्यायचा की परत पाठवायचा हा निर्णय धक्क्यावरच्या माणसाच्या हातात आला. ज्याला कुणी कधी विचारत नव्हतं, त्याच्या हातात!

ही गोष्ट जगाला सांगितली मायकेल हॅमर ह्यांनी. हे मूळचे एमआयटीतले कॉम्प्युटर सायन्सचे प्राध्यापक. १९९० मध्ये त्यांचा लेख 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये आला. जुन्या पायवाटांवर डांबर ओतून काय उपयोग, रस्ताच नवा आखा, असा एकूण सूर. आणि भाषा कशी? कामं कॉम्प्युटरवर चढवू नका, पुसून टाका. लेखात फोर्डचा आकडा येतो आणि लेखक पुढच्या उदाहरणाकडे जातो.

ते पुढचं उदाहरण म्युच्युअल बेनिफिट लाइफ ह्या न्यू जर्सीच्या विमा कंपनीचं. विम्याचा अर्ज मंजूर व्हायला तिथे पाच ते पंचवीस दिवस लागत. पाच विभाग, एकोणीस माणसं. दुसऱ्या एका विमा कंपनीने प्रत्यक्ष काम मोजलं, तर ते सतरा मिनिटांचं निघालं. बाकी वेळ अर्ज ट्रेमध्ये पडून. कंपनीने एकेक अर्ज अथपासून इतिपर्यंत एकाच माणसाकडे दिला आणि तोच अर्ज दोन ते पाच दिवसांत निकाली निघू लागला. लेख छापून आला आणि एका वर्षात, जुलै १९९१ मध्ये, ती कंपनी सरकारी नियंत्रकांनी ताब्यात घेतली. स्थावर मालमत्तेवर दिलेली कर्जं बुडाली होती. अर्ज झपाट्याने मंजूर होत होते, पैसा दुसरीकडून वाहून चालला होता. ह्यात बीपीआरचा दोष नाही. पण एक प्रक्रिया सुधारणं आणि कंपनी वाचवणं ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आठवण ठेवण्यासारखं.

१९९३ मध्ये हॅमर आणि जेम्स चॅम्पी ह्यांचं पुस्तक आलं आणि लाट उसळली. त्याच पुस्तकात त्यांनी लिहून ठेवलंय की, आमचा अंदाज शास्त्रीय नाही, पण हा प्रयोग करणाऱ्यांपैकी पन्नास ते सत्तर टक्क्यांना मोठं यश मिळत नाही. हे वाक्य फार कुणी वाचलं नसावं. साहेब लोकांनी वाचलं ते 'पंच्याहत्तर टक्के'. प्रक्रिया बदलायची मेहनत कोण घेणार? माणसं काढा आणि त्यालाच बीपीआर म्हणा. काही वर्षांतच अमेरिकेत हा शब्द ऐकला की नोकरदाराला धडकी भरू लागली. टॉमस डेव्हनपोर्ट हे ह्याच विचाराचे एक जनक. त्यांनीच १९९५ मध्ये लेख लिहिला की, ही टूम माणसांना विसरली.

आपल्याकडे हा शब्द घराघरांत नेला तो स्टेट बँकेने. २००३ च्या सुमारास तिथे बीपीआर सुरू झाला. तुमच्यापैकी जे तिथून निवृत्त झाले असतील ते आत्ता हसतायत, मला दिसतंय. गृहकर्जाची छाननी शाखेतून निघाली आणि केंद्रीय प्रक्रिया केंद्रात गेली. पेन्शनचंही केंद्र वेगळं झालं. एकसारखेपणा आला, शाखेवरचा बोजा उतरला. पण गंमत बघा. हॅमर ह्यांची विमा कंपनी काम एका माणसाकडे आणत होती. इथे ज्या शाखा व्यवस्थापकाला कर्जदार, त्याचं घर, त्याचा बाप, सगळं माहीत होतं, त्याच्याकडून काम काढून ज्यांनी कर्जदाराला कधी पाहिलं नाही अशांकडे गेलं. नाव तेच, दिशा निराळी. कोणती बरी, ह्यावर बँकेतल्या दोन माणसांचं एकमत झालेलं मी अजून पाहिलेलं नाही.

राहता राहिले हॅमर. १९९६ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'शी बोलताना त्यांनी मान्य केलं की, आपण इंजिनिअरच्या नजरेने बघत होतो, माणसांची बाजू पुरेशी ध्यानात घेतली नाही. तोवर लेखाला सहा वर्षं होऊन गेली होती. २००८ मध्ये ते वारले.

आता प्रश्न घेऊ. मागे हात वर आहे, माइक तिकडे द्या.