शिरोळची मते आणि हेरवाडचा ठराव

कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला शिरोळ तालुका आहे. कृष्णा आणि पंचगंगा यांचा संगम याच तालुक्यात, नृसिंहवाडीला होतो. काळी जमीन, ऊस, सहकारी साखर कारखाने, दत्ताची वारी आणि गावोगावची जैन बस्ती, असा हा मुलूख आहे. मराठा, जैन आणि लिंगायत शेतकरी येथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आले. रूढी सांभाळणारा म्हणून या भागाचा लौकिक आहे. मतदानाच्या बाबतीत मात्र तो लौकिक तितकासा खरा ठरत नाही, असे आम्हांस वाटते.

राजकीय जागृती येथे संस्थानी काळातच झाली. कोल्हापूर संस्थानात जबाबदार राज्यपद्धती मागणाऱ्या प्रजा परिषदेचा आरंभ 1939 साली याच तालुक्यातील जयसिंगपुरात झाला. तिचे एक प्रमुख रत्नाप्पाण्णा कुंभार हे निमशिरगावचे. पुढे ते घटना परिषदेचे सभासद झाले आणि 1952 साली लोकसभेत गेले. त्यानंतर विधानसभेतही त्यांनी शिरोळचे प्रतिनिधित्व दीर्घकाळ केले. इतक्या वजनदार काँग्रेस नेत्याच्या तालुक्याने 1957 साली मात्र प्रजा समाजवादी पक्षाच्या सा. रे. पाटील यांना निवडून दिले होते. तेच सा. रे. पाटील बावन्न वर्षांनी, 2009 साली, काँग्रेसचे उमेदवार म्हणून पुन्हा विजयी झाले. मधल्या काळात, 2004 साली, ऊसदराच्या आंदोलनातून पुढे आलेले राजू शेट्टी आमदार झाले होते. 2014 मध्ये शिवसेनेचे उल्हास पाटील आले आणि 2019 मध्ये, ऑगस्टच्या महापुराने तालुका बुडाल्यावर दोनच महिन्यांनी, राजेंद्र पाटील यड्रावकर अपक्ष म्हणून निवडून आले. पक्षाला जन्मभराची निष्ठा वाहणारा मतदार असे वागत नाही.

तो पाहतो माणूस, त्याचा कारखाना आणि त्याचा गट. उसाला तोड वेळेवर मिळणे, बिल वेळेवर निघणे, सोसायटीचे कर्ज मंजूर होणे, या गोष्टी ज्याच्या हाती, त्याचा शब्द घरात मोलाचा ठरतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत हे अधिकच उघडे पडते. तेथे पक्षाचे चिन्ह नसते. गावात दोन-तीन पॅनेल उभी राहतात, त्यांना आघाडीचे एखादे गोंडस नाव मिळते आणि भावकीची मोजणी रात्रीतून होते. मत गुप्त असते हे खरे. परंतु जेथे एका प्रभागात काही शेकडाच मतदार असतात, तेथे कोणत्या घराने काय केले याचा अंदाज मतमोजणी संपण्यापूर्वीच बांधला जातो. लहान गावात गुप्ततेला मर्यादा येते ती अशी. सर्वसाधारण निवडणुकीत ज्याला चारचौघांदेखत बोलायचे भय नसते, तोही ग्रामपंचायतीच्या वेळी ओठ मिटून बसतो.

या चौकटीत 1993 साली अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने स्त्रियांना एक तृतीयांश जागा दिल्या. 2011 पासून महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. पुष्कळ ठिकाणी निवडून आलेल्या बाईचा कारभार तिच्या नवऱ्यानेच हाकला, ही तक्रार सर्वपरिचित आहे आणि ती निराधार नाही. पण शिक्षणाचे, सहीचे आणि सभेत बसण्याचे वळण एकदा लागले की ते मोडत नाही.

हेरवाड हे याच तालुक्यातील गाव. मे 2022 मध्ये तेथील ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पतीच्या मृत्यूनंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे हे प्रकार गावात होऊ नयेत, असे त्यात म्हटले होते. ठराव मांडला एका स्त्रीने आणि अनुमोदनही दुसरीने दिले. राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला त्याच महिन्यात शंभर वर्षे पूर्ण होत होती. महाराजांनी 1917 सालीच आपल्या संस्थानात विधवा पुनर्विवाहाला कायद्याचा आधार दिला होता. कोरोनाच्या साथीत तरुण विधवांची संख्या वाढली, हेही ठरावामागचे एक निकडीचे कारण होते. पुढे त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी हेरवाडचे अनुकरण करावे असे कळविले.

ठरावाला दंडाची धार नव्हती. बांगड्या फोडणाऱ्या सासूला ग्रामपंचायत तुरुंगात घालू शकत नाही. त्याचे बळ होते ते सभेच्या उघडेपणात. जे गाव मतपेटीपाशी भावकी मोजते, त्याच गावाला सभेत सर्वांसमक्ष हात वर करून एक गोष्ट मान्य करावी लागली. मतदान व सभा या दोन्ही लोकशाहीच्याच रीती. पण लहान गावात त्यांचे गुण परस्परांहून वेगळे आहेत, हे हेरवाडने दाखविले.

खुद्द शिरोळची ग्रामपंचायत मात्र आता उरलेली नाही. 2018 साली तेथे नगरपालिका आली. रस्ते, गटारे, पाणी यांसाठी निधी वाढतो, हे त्यामागचे सांगितले जाणारे कारण, आणि ते खोटे नाही. वसईच्या वाचकांना 2009 साली गावे महानगरपालिकेत घातली गेली तेव्हाचा विरोध आठवत असेल. त्यात करवाढीची आणि हिरव्या जमिनीची चिंता होती, तशीच आपल्या गावाचा निर्णय आपल्या हातून जाईल ही भीतीही होती. नगरपालिकेच्या सभेत बसतात ते नगरसेवक. ग्रामसभा तेथे नसते, म्हणून हेरवाडच्या चावडीवर जी बाई उठून ठराव मांडू शकली, तिला शिरोळ शहरात तसा ठराव मांडायचा तर आधी निवडणूक जिंकावी लागेल.