खांब हलवून पाहणे : इमारतींच्या पायाचा थोडा इतिहास

संस्कृतात 'स्थूणानिखननन्याय' म्हणून एक न्याय आहे. स्थूणा म्हणजे खांब, निखनन म्हणजे पुरणं. खांब पुरताना तो पुन्हा पुन्हा हलवून पाहतात, त्यानं तो घट्ट बसतो. शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात हा न्याय वापरतात : ठरलेल्या सिद्धान्तावर परत आक्षेप घ्यायचा, तो पक्का व्हावा म्हणून. आज आपण खरोखरच्या खांबांकडे वळू. बांधकामावर त्यांना 'पाइल' म्हणतात.

जमीन मऊ आणि भार मोठा असला की पाइल लागतात. ते भार दोन तऱ्हांनी पेलतात. एक तर टोक खाली खडकावर किंवा घट्ट वाळूवर टेकतं. नाहीतर भोवतालची माती घर्षणानं त्याचं अंग धरून ठेवते. पुष्कळदा दोन्ही गोष्टी एकत्र घडतात.

ॲमस्टरडॅम पहिल्या तऱ्हेचं. वर मऊ माती, सुमारे बारा मीटर खाली वाळू. तिथल्या नगरभवनाचं, म्हणजे आजच्या राजवाड्याचं, बांधकाम १६४८ मध्ये सुरू झालं. त्याखाली १३,६५९ लाकडी खांब असल्याचं सांगतात. आकडा लक्षात ठेवायची युक्तीही आहे : वर्षाचे ३६५ दिवस, आधी १, नंतर ९. व्हेनिसमध्ये मात्र आखूड खांब दाटीवाटीनं ठोकून चिखलच घट्ट केला.

लाकूड कुजलं कसं नाही? कुजवणाऱ्या बुरशीला प्राणवायू लागतो, आणि पाण्याखालच्या मातीत तो जवळजवळ नसतो. व्हेनिसचा सेंट मार्क चौकातला मनोरा १९०२ मध्ये कोसळला, तेव्हा त्याखालचे शतकानुशतकांचे खांब सुस्थितीत सापडले. पण इथे एक अट आहे : पाणी हललं नाही पाहिजे. आज नेदरलँड्समध्ये भूजल खाली गेलं की खांबांची डोकी उघडी पडतात, कुजतात, घरं कलतात. म्हणजे पाया एकट्या खांबाचा नव्हताच, त्यात पाण्याचाही वाटा होता. वर राहणाऱ्याला हे भिंतीला तडा गेल्यावर कळतं.

लाकडानंतर लोखंड आलं. अलेक्झांडर मिचेल या दृष्टिहीन आयरिश अभियंत्यानं १८३३ मध्ये स्क्रू पाइलचं पेटंट घेतलं. हा खांब ठोकायचा नाही, मळसूत्रासारखा फिरवत जमिनीत उतरवायचा. मुंबई-गुजरात मार्गावर बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेनं अनेक पुलांसाठी हीच तऱ्हा वापरली.

पुढे सिमेंट-काँक्रीट आलं. काही पाइल आधी ओतून मग ठोकतात. काहींसाठी जागेवरच भोक पाडून, सळ्यांचा पिंजरा सोडून काँक्रीट भरतात. दाटीच्या शहरात हे दुसरे सोयीचे, कारण ठोकण्याचे हादरे शेजारच्या इमारतींना बसत नाहीत. आता पाणी उतरलं तरी पाइल लाकडासारखा कुजणार नाही. पण तो जमिनीच्या पोटातच तयार झाला, कोणी पाहिलेला नाही. मध्येच माती घुसली असेल तर?

म्हणून काही पाइलांवर मुद्दाम भार ठेवून ते किती खचतात ते मोजतात. डोक्यावर हातोडी मारून परत येणाऱ्या लहरीवरून आतला दोष ओळखतात. हा स्थूणानिखननन्यायच नव्हे का? फरक एवढाच की शंकराचार्यांचा आक्षेप सिद्धान्त ठरल्यावरही चालू राहतो, आणि आपण मात्र इमारत उभी राहिली की प्रश्न विचारायचं थांबतो. ॲमस्टरडॅमच्या खांबांचा धडा असा, की जमिनीखालचं पाणी त्यानंतरही बदलत राहतं.