एक बोरू, दोन लिप्या

'कलम' हा शब्द फार फिरून आपल्याकडे आला. ग्रीकांचा 'कालमोस' अरबीत 'कलम' झाला, फारसी-उर्दूतून मराठीत रुजला. मूळ अर्थ बोरूच.

हिंगोलीचा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सरकारी दफ्तर उर्दूत, गावचे मराठी लिखाण बहुधा मोडीत. उर्दू उजवीकडून, मोडी डावीकडून. पण लेखणी दोघींची बोरूचीच. वाळलेले सरळ पेर निवडायचे, चाकूने टोक तासायचे, मधोमध बारीक चीर द्यायची आणि शेवटी तिरका छाट मारायचा. चिरेतून शाई उतरते, छाटामुळे रेघ जाड-बारीक होते. मोडीत तर बोरू फारसा न उचलता ओळ पुढे जाते.

२०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातली जुनी दप्तरे उघडली गेली, तेव्हा मोडी आणि उर्दू जाणणाऱ्यांची गरज भासली. पणजोबांची नोंद हाती असून नातवाला वाचता येत नाही, ही गोष्ट साधी नाही. या दोन्ही लिप्या आपल्याच घरच्या आहेत. मुलांना त्यातली एक तरी शिकवू या.